औषधांइतकेच शिकवणेही नोंदवा

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह तपासणी व्हावी, हे धोरण आता आपल्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुळले आहे. आशा घरोघरी जाऊन सीबॅक फॉर्म भरतात, समुदाय आरोग्य अधिकारी बोटातून रक्त घेऊन साखर तपासतात आणि निदान झालेल्यांना गोळ्या मिळतात. किती जणांना तपासले, किती जणांना मधुमेह निघाला, किती जण उपचारावर आहेत, हे आपण वर कळवतो. पण त्यांपैकी किती जणांना हा आजार घरी सांभाळायला शिकवले? मधुमेहाच्या सेवेचे यश या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, असे आमचे ठाम मत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. यातला जो उपचाराला येतो, तोही महिन्याकाठी काही मिनिटेच आपल्यासमोर असतो. बाकी सगळा वेळ काय खायचे, गोळी केव्हा घ्यायची, चक्कर आली तर काय करायचे, हे त्याचे तोच ठरवतो. ते नीट ठरवता यावे इतके ज्ञान त्याला देणे हा उपचाराचाच भाग आहे.

हे शिक्षण भिंतीवरच्या तक्त्याने होत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या मजुराला सोबत किती दिवसांच्या गोळ्या हव्यात आणि फडाजवळच्या केंद्रात दाखवायला कोणता कागद हवा, हे निघण्याआधी कळले पाहिजे. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी कोयता चालवला तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोके हलके होणे ही लक्षणे आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पिण्याचा उपाय त्याला पाठ हवा, त्याच्या जोडीदारालाही हवा. एकादशीला साबुदाण्याने साखर चढते, गूळ हा साखरेला पर्याय नाही आणि ज्वारीची भाकरीही मोजूनच खायची असते, हे स्वयंपाक करणारीला समोर बसवून सांगावे लागते. घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिन ओलसर मडक्यात कसे ठेवायचे, सुईची जागा का बदलायची आणि रोज रात्री तळपाय कसे पाहायचे, हे हाताने करून दाखवावे लागते.

अमेरिकेत स्थानिक आरोग्य विभागही असे शिक्षण देणारे वर्ग चालवतात. तिथली मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना पहिल्या वर्षी १० तासांच्या शिक्षणाचा खर्च देते, त्यांपैकी ९ तास गटात असतात. पुढे दरवर्षी २ तास मिळतात. तिथली यंत्रणा आणि पैसा आपल्याकडे नाही. तरी शिकवण्याचा वेळ आधी ठरवून द्यावा, त्याची नोंद ठेवावी आणि त्याचा मोबदला द्यावा, हे तत्त्व आपल्यालाही लागू पडते. शिक्षण केव्हा द्यावे, याबद्दलही तिथल्या तज्ज्ञांचे एकमत आहे: निदान झाल्यावर, दरवर्षी, गुंतागुंत उद्भवल्यावर आणि उपचार किंवा राहण्याची परिस्थिती बदलल्यावर. इन्सुलिन सुरू होणे आणि ऊसतोडीला स्थलांतर हे दोन्ही प्रसंग या शेवटच्या गटात येतात.

म्हणून प्रत्येक केंद्राने असंसर्गजन्य रोगांच्या बाह्यरुग्ण दिवशी औषधवाटपाआधी एक तास शिकवण्यासाठी राखून ठेवावा. आठ-दहा जणांचा गट, सोबत घरातले एक माणूस आणि दर महिन्याला एकच विषय पुरे. शेवटी प्रत्येकाला विचारावे, ‘आता तुम्ही घरी जाऊन काय कराल, ते मला सांगा.’ उत्तर चुकले तर आपले सांगणे अपुरे पडले असे समजून पुन्हा सांगावे. पाय तपासताना १० ग्रॅमचे मोनोफिलामेंट वापरावे आणि पायाला संवेदना कुठे नाही, हे रुग्णाला त्याच वेळी दाखवावे. काय शिकवले, याची नोंद त्याच्या कार्डावर करावी.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहू नये. जिल्हा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मात्र आमचे आग्रहाचे सांगणे आहे: मासिक अहवालात ‘शिक्षण दिलेले रुग्ण’ असा रकाना घाला, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण द्या आणि आशांना या कामाचा मोबदला मिळवून द्या. आढावा बैठकीत औषधसाठ्याइतकीच कसून या रकान्याचीही विचारणा झाली, तर शिकवण्याचा तास केंद्राच्या वेळापत्रकात टिकेल.