चित्र आले, आवाज कुठे गेला?

घरातल्या लग्नाची, मुंजीची किंवा आजीच्या पंच्याहत्तरीची डीव्हीडी वर्षानुवर्षे कपाटात पडून असते. एखाद्या सुटीत ती संगणकात उतरवून घ्यावी, असे कोणाच्या तरी मनात येते. नक्कल होते, फाइल उघडते, आजी पाटावर बसलेली दिसते, नातवाला काही सांगतानाही दिसते. पण ऐकू काहीच येत नाही. आणि आजी तर आता राहिलेली नसते. मग 'तबकडी खराब झाली' असे म्हणून सगळे हिरमुसतात. काही जण ती रद्दीत टाकूनही मोकळे होतात. खरी चूक होते ती इथेच. बहुतेक वेळा आवाज तबकडीत शाबूत असतो. तो नकलेत का उतरला नाही, एवढेच शोधायचे असते.

तबकड्यांचे दिवस सरले

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनातून निघून यमुना ओलांडली की नोएडा लागते. मोझर बेअर या कंपनीचे तबकड्यांचे कारखाने याच भागात, नोएडा व ग्रेटर नोएडा इथे होते. लग्न पुण्यात झालेले असो की नागपुरात, व्हिडिओवाल्याने दिलेली तबकडी पुष्कळदा इथलीच असे. २००७ च्या सुमारास या कंपनीने चित्रपटाची डीव्हीडी ३४ रुपयांत विकून बाजारात खळबळ उडवली होती. पुढे पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट आले, मागणी आटली आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. आता नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा ड्राइव्हही सहसा नसतो. यूएसबीला जोडायचा वेगळा ड्राइव्ह घ्यावा लागतो. घरी भरलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि दमटपणाने हळूहळू बिघडतो. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

आवाज हरवतो कसा?

डीव्हीडीवर चित्र आणि आवाज एकत्र, पण वेगवेगळ्या प्रवाहांत भरलेले असतात. आवाजाच्या पद्धतीही अनेक आहेत. सर्वांत जास्त आढळते ती डॉल्बीची एसी-३. लग्नाच्या तबकड्यांवर एमपी-२ किंवा पीसीएमही सापडते, तर काही चित्रपटांवर डीटीएस असते. नक्कल करताना चित्राचे रूपांतर झाले आणि आवाज जसाच्या तसा एसी-३ मध्ये राहिला, तर ज्या फोनला किंवा टीव्हीला ती पद्धत उमगत नाही, तो चित्र दाखवतो आणि गप्प बसतो.

दुसरे कारण चुकीच्या निवडीचे. एका डीव्हीडीवर आवाजाचे आठपर्यंत प्रवाह असू शकतात. त्यांतला नको तो निवडला गेला, तर भलतेच ऐकू येते किंवा काहीच येत नाही.

तिसरे कारण अर्धवट नकलेचे. तबकडीवरच्या 'व्हिडिओ टीएस' या फोल्डरमध्ये व्हीओबी नावाच्या फाइली असतात. प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची, म्हणजे एकच सोहळा तीनचार तुकड्यांत विभागलेला असतो. त्यांतला एकच तुकडा उचलून रूपांतर केले, तर काही प्रोग्रॅम सुरुवातीचा थोडासाच भाग तपासतात. तिथे नुसतीच नावांची मूक पाटी असेल, तर पुढे आवाज आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

संगीत ऐकू येते, पण बोलणे येत नाही, असेही कधी घडते. सहा वाटांच्या (५.१) ध्वनीत संवाद प्रामुख्याने मधल्या वाटेवर असतात. स्टिरिओ करताना ती वाट मिसळायची राहिली, की संवाद जातात.

उपाय क्रमाने करावेत

सर्वप्रथम मूळ तबकडी व्हीएलसी या मोफत प्रोग्रॅमवर लावून पाहावी. २०१२ च्या विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजमध्ये आपोआप मिळत नाही. व्हीएलसीमध्ये ती असते. आवाज आला, तर तबकडी निर्दोष आहे असे समजावे. न आल्यास 'ऑडिओ ट्रॅक'मध्ये जाऊन एकेक प्रवाह बदलून ऐकावा.

त्यानंतर एखादीच फाइल न उचलता 'व्हिडिओ टीएस' हे अख्खे फोल्डर संगणकावर उतरवावे. आवाजासह सर्व मूळ माहिती त्यात येते. सोयीची एमपी-४ फाइल हवी असल्यास हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमला ते अख्खे फोल्डर द्यावे. 'ऑडिओ' विभागात योग्य प्रवाह निवडावा, पद्धत 'एएसी' आणि मिश्रण 'स्टिरिओ' ठेवावे. तिथे 'पासथ्रू' निवडल्यास आवाज मूळ पद्धतीतच राहतो आणि फोनवर पुन्हा तीच रड होते.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. त्यांवर बहुधा नक्कल रोखणारे कुलूप असते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५-अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. घरच्या सोहळ्याच्या तबकडीला सहसा कुलूप नसते.

ऐकल्याशिवाय टाकू नये

नक्कल झाली की ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशी तीन ठिकाणी संगणकावर, फोनवर आणि टीव्हीवर ऐकावी. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी. मूळ तबकडी मात्र पाकिटात घालून, उन्हापासून दूर, उभी ठेवून द्यावी. आजीचा चेहरा भिंतीवरच्या फोटोतही आहे, पण तिचा आवाज या एकाच तबकडीत आहे.