भुताची साडी पांढरीच का?

मध्यंतरी लातूरला एका स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांची भयनाटिका पाहण्याचा योग आला. अभिनय चोख होता. पण बाळंतपणात दगावलेल्या सुनेचे भूत अवतरले ते पांढरी साडी नेसून! प्रेक्षागृहात हशा पिकला. शेजारच्या वृद्ध आजी पुटपुटल्या, "सवाष्ण गेली ना ती? मग पांढरं कुणी नेसवलं तिला?" आपल्या भयपटांवरील सारी टीका त्या एका प्रश्नात सामावली आहे.

सवाष्ण गेली की तिला हिरवे लुगडे नेसवावे, हिरवा चुडा भरावा, मळवट भरावा, ही आपल्याकडची रीत. ब्राह्मण घरातील सोवळ्या विधवेच्या वाट्याला आले ते तांबडे आलवण आणि केशवपन. म्हणजेच वस्त्र हीच त्या स्त्रीची कैफियत. हिरवे लुगडे अर्ध्यावर मोडलेल्या संसाराची साक्ष देते, तर आलवण समाजाने केलेल्या अन्यायाची. पांढरी साडी मात्र काहीच सांगत नाही. ती कैफियत पुसून टाकते.

मग हा पांढरा गणवेश आला कुठून? 'महल' (१९४९) आणि 'वो कौन थी?' (१९६४) हे कृष्णधवल चित्रपट. अंधारात पांढरेच उठून दिसते, हे छायाचित्रकाराचे साधे गणित. चित्रपट रंगीत झाले, पण गणित तेच राहिले. सोयीची रूढी झाली! जपानी भुतेही पांढऱ्या वेशात असतात हे खरे. परंतु तेथे प्रेतालाच पांढरा किमोनो नेसवण्याची प्रथा आहे. त्यांनी आपले प्रेतवस्त्र पडद्यावर आणले. आम्ही आमचे विसरलो.

वेशभूषा ही भयपटात दुय्यम बाब, असे मानणाऱ्यांनी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) पुन्हा पाहावा. तेथे हस्तरच्या कमरेची लंगोटी हाच कथेचा प्राण आहे. सोन्याची नाणी तिच्यात, विनायकाचा लोभ तिच्याभोवती. मुलगा तर बापाहून सवाई: नाणी कशाला, लंगोटीच पळवू म्हणतो! वस्त्रातून लोभ दिसतो आणि लोभातून भय.

नांदेड जिल्ह्याला हे नव्याने शिकवावे लागू नये. माहूरगडाच्या पायथ्याशी आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आमचे बालपण गेले. कमरेला खणांचा घागरा, मोकळ्या जटा, पायी घुंगरू, हाती कोरडा असा पोतराज गल्लीत शिरला की आम्ही मुले आईच्या पदराआड दडत असू. त्याने तोंडातून शब्दही काढलेला नसे; त्याचा वेशच बोलत असे. तो कोरडा स्वतःच्या अंगावर ओढून घेणे आणि पोरवयातच मुलाला त्या वाटेला लावणे बंद झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण प्रथा संपवताना त्या वेशाचे ज्ञानही गाडून टाकायचे काय?

काही विद्वान म्हणतील, भुतेखेते ही अंधश्रद्धा; त्यांच्या कपड्यांची चर्चा कशाला? भुतांवर विश्वास ठेवा, असे कोण म्हणतो? भूतकथा ही जिवंतपणी ज्यांना कोणी ऐकून घेतले नाही त्यांची कथा असते. तिला परका वेश चढवला की अन्यायही परका होतो, आणि प्रेक्षक निर्धास्तपणे हसू लागतो. लातूरला तेच घडले.

वेशभूषेत जगाला धडा देण्याची क्षमता याच मातीत आहे. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवले. कोणाही भारतीयाचे ते पहिले ऑस्कर. उणीव प्रतिभेची नाही, आपल्या घराकडे पाहण्याची आहे. मराठवाड्यातील नाट्यवेड्या तरुणांनी भाड्याच्या दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या आजीपाशी बसावे. कोणाला काय नेसवत, का नेसवत, हे तिला अजून ठाऊक आहे. ती गेल्यावर कोणाला विचारणार?