पाण्यात म्हैस, बाहेर मोल

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, पळवून पाहतो आणि मगच किमतीची भाषा बोलतो. बैलबाजारातही जोडी चालवून पाहिल्याखेरीज कोणी इसार देत नाही. त्याच खानदेशात कित्येक लाखांचा जुना ट्रक मात्र मोबाइलवर आलेल्या चार छायाचित्रांवर भाळून विकत घेतला जावा, ही खेदाची गोष्ट होय.

ट्रकचे या भागाला असलेले आकर्षण अस्वाभाविक नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर-कोलकाता हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी ट्रकने उत्तरेकडे जातात. दहा-वीस वर्षे दुसऱ्याची गाडी हाकलेल्या चालकाला आपण मालक व्हावे असे वाटले, तर त्यात गैर काय? नवी गाडी परवडत नाही, म्हणून इंदूर, गुजरात, पार तमिळनाडूतील नामक्कलपर्यंत जुन्या गाडीचा शोध चालतो. वित्तकंपन्यांनी जप्त केलेल्या गाड्यांचे लिलावही ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर होतात. या चार शब्दांत सगळी जोखीम घेणाऱ्याच्या पदरात पडते.

छायाचित्रात रंग दिसतो, आणि रंगाखालीच तर पाहायचे असते. केबिनच्या मागे व कमानपाट्यांच्या आधारांजवळ चेसिसला तडा जाऊन जोड मारलेला असतो. ताज्या रंगाने तो झाकला जातो. पुढची चाके एका बाजूने झिजलेली असली, तर आसात दोष असण्याचा संभव असतो. इंजिन सकाळी थंड असतानाच चालू करून पाहावे. गिऱ्हाईक येण्यापूर्वी ते तापवून ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर पुढचा खर्च मोठा. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कोणाचीही बरी चालते. ती माल भरून चढावर नेली म्हणजे क्लच व गिअर काय ते बोलतात. बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचीही भर पडली आहे, आणि तिची दुरुस्ती स्वस्त नाही. हे सारे जाणणारा आपला मिस्त्री सोबत नेण्याचा खर्च गाडीच्या किमतीतच धरला पाहिजे.

कागदांचेही तसेच आहे. चेसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतो काय, वित्तकंपनीचा बोजा उतरला आहे काय, कर व दंड थकले आहेत काय, परराज्यातील नोंदणी कार्यालय ना-हरकत दाखला देणार काय, याची खात्री बयाणा देण्यापूर्वी हवी. कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन गाडी तीन-चार हातांतून फिरवण्याची वहिवाट तर सर्वांनाच घातक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

सरकारही यातून सुटत नाही. व्यापारी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते रस्त्यावरच्या सुरक्षिततेपुरते असते, इंजिनाच्या आयुष्याची ग्वाही देत नाही. तथापि तपासणीत आढळलेले दोष तरी खरेदीदाराला पाहता आले पाहिजेत. प्रमाणपत्राच्या मुदतीची तारीख कळून त्याला काय कळते?

हा प्रश्न केवळ ट्रकवाल्यांचा, असे पांढरपेशा वाचकाने समजू नये. अशा कर्जाच्या कागदावर अनेकदा नात्यातल्या शिक्षकाची वा कारकुनाची जामीनदार म्हणून सही असते, कारण त्याचा पगार निश्चित असतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व ऋणकोइतकेच असते. गाडी घाटात बसली आणि केळी सडली, की हप्ता त्या पगारावर येतो. तेव्हा गाडी कोणी पाहिली आणि इंजिन थंड असताना चालू केले होते काय, एवढे सही करण्यापूर्वी मेहुण्याला विचारायला भीड वाटण्याचे कारण नाही.