उन्हाळ्यात कचेऱ्या सकाळी साडेसातला उघडा




एप्रिल-मेमध्ये आमच्या तेलगावचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. शेतातली कामे दहाच्या आत उरकतात, बायका पाणी-स्वयंपाक ऊन तापायच्या आधी आटोपतात. दुपारी दुकानांची शटरे अर्धी खाली येतात आणि बारा ते चार रसवंतीवाला सोडला तर चौकात चिटपाखरू दिसत नाही. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कसे राहायचे, हे लोकांना कुणी सांगावे लागत नाही. सरकारी कचेऱ्यांचे घड्याळ मात्र हलत नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ ठरली पावणेदहा ते सव्वासहा. जानेवारीतही तीच, मे महिन्यातही तीच.

आमचा तालुका धारूर. तिथल्या तहसील कचेरीत जायचे म्हणजे एसटीने घाट चढायचा. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहे, ही चांगलीच गोष्ट. पण फुकटच्या तिकिटाने ऊन कमी होत नाही. कचेरीच्या आवारात अकरा वाजता पाहावे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली म्हातारी माणसे, खिशात कांदा, हातात पिशवी आणि पिशवीत घामाने चिकटलेल्या आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स. नंबर येईतो साडेबारा होतात. मग मशीनवर अंगठा उमटत नाही. जन्मभर कोयता धरलेल्या बोटांवर रेषा कुठून राहायच्या? फडक्याने पुसून, पाणी लावून पुन्हा पुन्हा अंगठा टेकवायचा. तेवढ्यात सर्व्हर जातो, जेवणाची सुट्टी होते, आणि माणूस ऐन तीनच्या उन्हात काम न होताच परतीच्या गाडीची वाट पाहत उभा राहतो. दुसऱ्या दिवशी परत तेच.

ही कामे हिवाळ्यात का करत नाहीत, असे शहरातला वाचक विचारील. उत्तर सोपे आहे. धारूर, वडवणी, केज भागातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोप्यांवर राहतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये गावी येतात. त्यांचे रेशनकार्ड, आधार दुरुस्ती, पोरांचे दाखले, पीककर्जाचे कागद हे सगळे या दोन-अडीच महिन्यांतच व्हायचे असते. पुढे पेरणी, आणि पेरणीनंतर पुन्हा मुकादमाची उचल. म्हणजे ज्यांना कचेरीची सर्वाधिक गरज, त्यांच्या नशिबी नेमका उन्हाळाच.

दुपारचे ऊन जीव घेते, हे सरकारला मान्य आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भरउन्हात बसलेल्या लोकांचे बळी गेले. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असे सरकारनेच ठरवले. 2025 च्या मार्चअखेर शिक्षण विभागाने परिपत्रक काढून राज्यभर सकाळची शाळा केली. मग सोहळ्याला जी वेळ घातक, शाळकरी पोराला जी वेळ घातक, ती दाखल्यासाठी तिष्ठणाऱ्या म्हातारीला चालते कशी?

कचेऱ्या सकाळी लवकर उघडणे जमते, याचा दाखलाही आहे. पंजाब सरकारने 2023 मध्ये 2 मे ते 15 जुलै आपल्या कार्यालयांची वेळ साडेसात ते दोन अशी केली होती. लोकांची कामे सकाळच्या गारव्यात व्हावीत आणि दुपारच्या विजेची बचत व्हावी, असे त्यामागचे कारण होते. केरळात तर कामगार खाते दर उन्हाळ्यात उघड्यावरच्या मजुरांना दुपारी बारा ते तीन विश्रांती द्यायला लावते.

आक्षेप येईल तो कर्मचाऱ्यांचा. अनेक जण बीड, अंबाजोगाई, माजलगावहून अप-डाउन करतात. साडेसातला पोहोचणार कसे? त्यांची अडचण खोटी नाही, विशेषतः घरचे सगळे उरकून निघणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांची. पण सकाळच्या शाळेला शिक्षिका सातला हजर असतातच. पहाटेच्या एसटी फेऱ्या वाढवा, हवे तर आठ ते अडीच वेळ ठेवा. दोन-अडीच महिने दुपारी घरी जायला मिळणे कर्मचाऱ्यांच्याही फायद्याचेच. ‘सगळे ऑनलाइन झाले आहे’ हा दुसरा युक्तिवाद मला पटत नाही, कारण अंगठा लावायला माणसालाच जावे लागते.

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने निदान मराठवाडा आणि विदर्भासाठी 1 एप्रिल ते 15 जून एवढ्या काळापुरता सकाळच्या वेळेचा आदेश काढावा. पीककर्जाची कामे जिथे होतात त्या बँकांच्या ग्रामीण शाखांबाबत जिल्हाधिकाऱ्यांनी बँकांची बैठक घेऊन तोडगा काढावा. आणि वाचकांना विनंती, 1 मेच्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव आपापल्या गावातून मंजूर करून तहसीलला पाठवा.

– एक वाचक, तेलगाव (ता. धारूर, जि. बीड)