सुई कुणाच्या हाताला टोचते?

सोनिवलीतून पहाटेची लोकल गाठायला निघणाऱ्या आमच्या मायभगिनींपैकी काहीजणी रुग्णालयांत राबतात. कुणी सिस्टर, कुणी आया, कुणी सफाई कामगार. ड्युटी एकाच वॉर्डात. पण डबा खायला बसताना जागा वेगळ्या!

अशीच एक सफाई कामगार भगिनी हाताला पट्टी बांधून आमच्याकडे आली. कचऱ्याच्या पिशवीतली वापरलेली सुई तिला टोचली होती. तिचा सारा राग सिस्टरवर. आम्ही चौकशी केली, तर त्या रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर! मग दोषी कोण?

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 स्पष्ट आहेत. सुई पांढऱ्या, आरपार न टोचणाऱ्या डब्यातच गेली पाहिजे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, हातमोजे, वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी देणे हे रुग्णालय चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. कंत्राटी कामगारही त्यात आला. यातले काहीच झाले नव्हते. भांडत होत्या मात्र दोघी.

जातिव्यवस्था राबणाऱ्यांचीच उतरंड रचते, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले. वॉर्डात तीच उतरंड दिसते. सावित्रीमाई 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करतानाच गेल्या. ‘हे माझे काम नव्हे’ असे त्या म्हणाल्या नाहीत.

भगिनींनो, लसीचा आणि हातमोज्यांचा अर्ज एकच करा. खाली सह्या मात्र सिस्टर, आया, सफाई कामगार अशा सर्वांच्या असू द्या.

जय भीम!