झाशीच्या वाटेवरचा उभा ट्रक

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदरहून सिलचरला जाणारा महामार्ग २७ एकमेकांना झाशीत छेदतात. देशाच्या मालवाहतुकीच्या दोन मोठ्या वाटा या एका शहरापाशी भेटतात. आपल्याकडचा माणूस झाशीला जातो तो किल्ला पाहायला. मग ओरछा होतं, ग्वाल्हेर होतं. नागपूरहून सिवनी, लखनादौन, सागर, ललितपूर करत स्वतःच्या गाडीने जाणारी कुटुंबं हल्ली बरीच दिसतात. त्याच रस्त्यावर त्यांच्या पुढेमागे संत्र्याचे ट्रक असतात, ट्रेलर असतात, आणि झाशी जवळ आली की गिट्टी-वाळूचे डंपर. या सदरात आज त्या सोबतीबद्दल लिहायचं आहे, कारण सुट्टीवर निघताना आपण हॉटेलची चौकशी करतो, या सोबतीची करत नाही.

मे २०२४ मध्ये झाशी–कानपूर रस्त्यावर परीछाजवळ लग्नाला निघालेल्या एका मोटारीला मागून ट्रकने धडक दिली. मोटार सीएनजीवरची होती, तिने पेट घेतला आणि नवरदेवासह चौघे जळून गेले. त्याआधी, १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर राजकीय नेते विनायक मेटे यांची मोटार पुढच्या ट्रकवर मागून आदळली होती. एका ठिकाणी ट्रक मागे होता, दुसऱ्या ठिकाणी पुढे. मला दोन्हींत एकच गोष्ट दिसते: दोन वाहनांमध्ये असायला हवं होतं ते अंतर नव्हतं.

भरलेल्या दहाचाकी ट्रकचं कायदेशीर वजन साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जातं, मोठ्या ट्रेलरचं ५५ टनांपर्यंत. ताशी ८० किलोमीटर वेगाने निघालेला असा ट्रक कचकन थांबत नाही. चालकाने पाय दाबल्यावर हवेचा दाब चाकांपर्यंत पोचायलाही क्षणभर जातो, आणि तो थांबेपर्यंत शंभर मीटर सहज मागे पडतात. भार जास्त असेल, ब्रेक झिजलेले असतील तर आणखी. ट्रकचालक आपल्या पुढे मोकळी जागा ठेवतो ती याच हिशेबाने. आपण मात्र ती मोकळी दिसली की गाडी आत घालतो आणि लगेच ब्रेक लावतो. आपल्याला वाटतं, रिकामी जागा वापरली. खरं तर आपण त्याचा ब्रेक काढून घेतलेला असतो.

पण झाशीच्या बाजूला मला जास्त भीती वाटते ती चालत्या ट्रकची नाही, उभ्या ट्रकची. उन्हाळ्यात बुंदेलखंडात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टायर फुटतात, म्हणून बरेच चालक रात्रीच गाडी हाकतात. डोळा लागायला लागला की थांबायचं कुठे? अंधाऱ्या, सामसूम जागी डिझेल चोरीला जाण्याची धास्ती असते. मग ढाब्यासमोर, उजेड असेल तिथे, रस्त्याच्या कडेलाच ट्रक लागतो. निम्मा पट्टीच्या आत, निम्मा बाहेर. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरवर चिखल. बिघाड झाला तर लाल त्रिकोणाऐवजी चार दगड आणि बाभळीची फांदी. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात, आणि पहाटे कुणा दुचाकीवाल्याला लागतात.

ताशी १०० च्या वेगात मोटार सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. खालच्या झोतात पन्नास-साठ मीटरच नीट दिसतं. म्हणजे उभा ट्रक दिसल्यापासून हातात दोन सेकंद. मोटारीचं बोनेट धक्का झेलण्यासाठी बनवलेलं असतं, पण ट्रकचा पाठीमागचा सांगाडा त्याच्याहून उंच. गाडी खाली घुसते आणि पहिला मार काचेला, म्हणजे डोक्याच्या पातळीला बसतो. म्हणूनच ट्रकच्या मागे, जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास मजबूत आडवी दांडी बसवणं नियमाने बंधनकारक आहे. ढाब्यावर चहा घेताना उभ्या ट्रकांच्या मागे एक फेरी मारा. काहींची दांडी वाकलेली, काहींची गंजून लोंबणारी, काहींना नाहीच. वाहन तपासणीत कागद पाहिले जातात तितक्याच काटेकोरपणे ही दांडी पाहिली गेली पाहिजे. माझा आग्रह आहे की मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि दांडी या तिन्हींशिवाय एकाही ट्रकला टोलनाक्यापुढे सोडू नये.

ट्रक उजव्या लेनमधून का चालतात, याचा राग अनेकांना येतो. मलाही वाटतं की त्यांनी डावी धरावी. पण डावीकडे काय असतं तेही पाहिलं पाहिजे: उलट्या बाजूने येणारी दुचाकी, जनावरं, ट्रॅक्टर, आणि तोच उभा ट्रक. म्हणून ते उजवीकडे सरकतात, आणि आपण डावीकडून कट मारतो. चालक उजवीकडे, उंचावर बसलेला असतो. केबिनच्या डाव्या कुशीतली मोटार त्याला दिसतच नाही. आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागे थांबा, अप्पर-डिप्पर द्या, हॉर्न द्या, तो बाजूला होईपर्यंत धीर धरा. त्यात जातील ती दोन-तीन मिनिटं.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ६१ हजारांहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर, आणि सर्वाधिक मृत्यू उत्तर प्रदेशात. इतक्या मृत्यूंचं खापर ट्रकचालकांच्या बेफिकिरीवर फोडून आपण मोकळे होतो, हे मला पटत नाही. १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराचे तास दिवसाला आठ ठरवले; रात्रभर गाडी हाकणाऱ्याला त्याचा पत्ता तरी आहे का? २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ते उत्तमच झालं. पण थंड केबिनमधल्या माणसालाही झोप येते, आणि ती झोप घ्यायला जागा लागते. दोन महामार्ग जिथे मिळतात त्या झाशीच्या चारही बाजूंना उजेड, पहारा, पाणी आणि संडास असलेले प्रशस्त ट्रकतळ हवेत, आणि ते चालकाला परवडतील अशा दरात.

डिसेंबरात तिथे धुकं उतरतं. त्या दिवसांत जाणार असाल तर सूर्य वर आल्याशिवाय मुक्काम सोडू नका, संध्याकाळी लवकर थांबा. लेनमध्ये दिव्यांशिवाय उभा ट्रक किंवा रस्त्यावर राहिलेले दगड दिसले तर पुढे सुरक्षित जागी गाडी घेऊन १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर कळवा, आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. नुसतं ‘झाशीच्या अलीकडे’ म्हटलं तर गस्तीची गाडी शोधत फिरेल.