बर्फाची पेटी आणि चंद्याचे पैसे

रमजानच्या तोंडावर आमच्या शिरूर अनंतपाळात पोरांनी टूम काढली: इफ्तारच्या सरबतासाठी चंद्यातून परदेशी बर्फपेटी घ्यायची. "सर, बर्फ पाच दिवस टिकतो!" टिकत असेल. पण आपल्याला तो टिकवायचाय किती? असरपासून मगरिबपर्यंत!

या पेट्यांचं गाजलेलं नाव 'येती'. टेक्सासातल्या दोन भावांनी २००६ साली ही कंपनी काढली, ती मासेमारीला आणि शिकारीला दूर जाणाऱ्यांसाठी. तिथं बर्फ विकत मिळत नाही, म्हणून जाड फोमच्या भिंतींना मोल आहे. आपल्याकडं बर्फ रोज मिळतो.

हिशेब साधा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे चार लिटर पाणी वीस अंशांनी गार करतो. तेच पाणी आधी माठात ठेवलं, तर आपल्या कोरड्या हवेत निम्मं काम फुकटात होतं. उरलेल्या बर्फाला थर्माकोलची पेटी पुरे. वर ओलं गोणपाट टाका आणि झाकण सारखं उघडू नका.

लांबच्या प्रवासात कुणाचं इन्सुलिन न्यायचं असेल, तर चांगली पेटी जरूर घ्या. पण नुसत्या मिरवण्यासाठी चंदा उधळणं हा इस्राफच.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे विसरलात? त्याच पैशांत मशिदीच्या दारात चार रांजण मांडा. रोजा नसलेला वाटसरूही पाणी पिऊन जाईल.